सोमवारची हजेरी

'हजेरी' हा शब्द आम्हां प्राध्यापकांच्या वाट्याला त्याच्या सर्वांत कोरड्या अर्थाने येतो. पटावर खूण करायची, महिनाअखेर टक्केवारी काढायची, पंचाहत्तरच्या खाली घसरलेल्यांची यादी फलकावर लावायची. परंतु याच भाषेत पाऊस हजेरी लावतो, आप्तेष्ट लग्नाला हजेरी लावतात आणि एखादा गवई गावच्या उत्सवात वर्षानुवर्षे न चुकता हजेरी देतो. 'घेतलेली' हजेरी आणि 'लावलेली' हजेरी यांत जे अंतर आहे, त्याचा विचार आम्ही उभयतां गेली काही वर्षे करीत आलो आहोत. तो विचार आम्हांला मराठी साहित्यापासून फार दूरच्या एका ठिकाणी घेऊन गेला. हे ठिकाण म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीच्या स्पर्धा, त्यांची वेळापत्रके आणि त्यांना जमणारा (किंवा न जमणारा) प्रेक्षक. साहित्याच्या अभ्यासकांनी लगेच कपाळाला आठी घालू नये. वाचक कुठून येतो, श्रोता का उठून जातो, हेच प्रश्न तेथेही आहेत. फक्त ते बर्फावर मांडलेले आहेत.

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मैदान आणि ध्यानचंद उभे राहतात. उत्तर अमेरिकेत मात्र नुसते 'हॉकी' म्हटले की बर्फावरची हॉकी. मैदानी हॉकीला तेथे वेगळे विशेषण लावावे लागते. बॉस्टन शहरात आणि त्याच्या कुशीला लागून चार शिक्षणसंस्था आहेत, त्या म्हणजे हार्वर्ड, बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी आणि नॉर्थईस्टर्न. या चौघींची आपसांतली स्पर्धा म्हणजे 'बीनपॉट'. घेवड्याच्या बिया गुळाच्या काकवीत मंद आचेवर शिजवण्याची त्या गावाची जुनी रीत. ज्या मातीच्या मडक्यात त्या शिजतात त्याचेच नाव स्पर्धेला आणि त्याचाच आकार चषकाला. फेब्रुवारीतला पहिला सोमवार आणि दुसरा सोमवार या तिच्या ठरलेल्या तिथी. पहिल्या सोमवारी दोन सामने, दुसऱ्या सोमवारी दोन. स्पर्धा संपली.

सोमवार का, हा प्रश्न कोणाही वेळापत्रक करणाऱ्याला पडेल. आठवड्यातला हा सर्वांत अरसिक वार. याचे उत्तर स्पर्धेच्या जन्मकथेत आहे. 1952 साली बॉस्टन गार्डन या बंदिस्त क्रीडागाराचे प्रमुख वॉल्टर ब्राऊन होते. व्यावसायिक संघांच्या सामन्यांमधून ज्या रात्री रिकाम्या राहत, त्या भरून काढाव्यात या व्यवहारी हेतूतून ही स्पर्धा निघाली, असे सांगितले जाते. पहिली स्पर्धा 26 आणि 27 डिसेंबर 1952 रोजी झाली, म्हणजे नाताळच्या सुट्टीत, विद्यार्थी घरी गेलेले असताना! तीही गार्डनमध्ये नव्हे, तर 1910 साली उघडलेल्या जुन्या बॉस्टन अरीनात. हार्वर्डने ती जिंकली. पुढे स्पर्धा गार्डनमध्ये गेली, जानेवारीत गेली, फेब्रुवारीत आली आणि अखेर सोमवारी स्थिरावली. शुक्रवार-शनिवार महाविद्यालयीन साखळी सामन्यांनी अडलेले, बाकीच्या चांगल्या रात्री व्यावसायिक हॉकी आणि बास्केटबॉलने घेतलेल्या. उरला सोमवार. म्हणजे ज्या दिवसाला आज तेथील लोक सणाचा मान देतात, तो मुळात कोणालाच नको असलेला दिवस होता.

स्पर्धेच्या रचनेत आणखी दोन गोष्टी आहेत. पहिल्या फेरीच्या जोड्या गुणानुक्रमाने लागत नाहीत. त्या आळीपाळीने फिरतात. चार संघांच्या तीनच प्रकारे जोड्या लागू शकतात, त्यामुळे दर तीन वर्षांनी तीच जोडी परत येते. दुसरी गोष्ट अशी की, पहिल्या सोमवारी हरलेले दोन संघ घरी जात नाहीत. दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी साडेचारला ते तिसऱ्या क्रमांकासाठी खेळतात आणि मग साडेसातला अंतिम सामना होतो. तिकीट एकच, दोन्ही सामन्यांचे.

2024 च्या फेब्रुवारीत आम्ही दोघे बॉस्टनजवळ मॉल्डन येथे आमच्या धाकट्या बहिणीकडे राहत होतो. तिचा मुलगा नॉर्थईस्टर्नला शिकतो आणि तेथील वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवतो. त्या विद्यापीठात शिक्षणक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी सहा-सहा महिने बाहेर नोकरी करतात. भाचाही त्या वेळी एका कंपनीत कामावर होता. 12 फेब्रुवारीच्या सोमवारी तो अर्धी रजा टाकून घरी आला आणि गणवेशाचा लाल-काळा सदरा शोधू लागला. आमच्यातील प्राध्यापिका जागी झाली. "अरे, नवीन नोकरी, आणि सोमवारी रजा?" त्यावर त्याने आपल्या अडखळत्या मराठीत उत्तर दिले, "मावशी, माझ्या बॉसनेच आधी विचारलं, तू जाणार ना म्हणून. तो बी.सी.चा आहे. तो पण येतोय, साडेचारला."

बी.सी. म्हणजे बॉस्टन कॉलेज. ते पहिल्या सोमवारी हरले होते. ज्या सामन्यात जिंकून फक्त तिसरा क्रमांक मिळायचा, त्यासाठी एक नोकरदार गृहस्थ कामाच्या दिवशी चार वाजता कचेरी सोडणार होता. तो का सोडतो हे पाहायचे म्हणून आम्हीही साडेचारलाच गेलो. भाच्याचा वृंद साडेसातला वाजवणार होता. "काका, एवढ्या लवकर कशाला, थंडी आहे," असे तो म्हणालाही.

मॉल्डनहून गार्डनला जाणे हा प्रवासच नव्हे. ऑरेंज लाइनची गाडी थेट नॉर्थ स्टेशनला उतरवते आणि क्रीडागार स्थानकाच्या माथ्यावरच उभे आहे. जुने गार्डन 1995 साली बंद झाले. त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या या नव्या इमारतीत हॉकीसाठी सतरा हजारांहून अधिक आसने आहेत. साडेचारला त्यांतली बहुसंख्य रिकामी होती. परंतु ते रिकामेपण ओसाड नव्हते. वरच्या सज्ज्यात हार्वर्डचे आणि बॉस्टन कॉलेजचे विद्यार्थी आपापले कोपरे धरून होते, त्यांचे वृंद वाजत होते. खालच्या रांगांत डोक्याला लोकरी टोप्या घातलेले वृद्ध होते. त्यांच्यातले काही चाळीस-चाळीस वर्षे त्याच आसनांवर बसत आल्याचे आमच्या शेजारच्या आजोबांनी सांगितले. त्यांना कोण जिंकते याची फारशी फिकीर नव्हती. ते सोमवारला आले होते.

सात वाजत आले तशी ती आसने भरू लागली. गाड्यागाड्यांतून माणसे वर येत होती, नोकरीवरून सुटलेली, वर्गांतून सुटलेली, मुलांना खांद्यावर घेतलेली. साडेसातला जागा शोधून सापडली नसती. अंतिम सामना नॉर्थईस्टर्न आणि बॉस्टन युनिव्हर्सिटी यांच्यात होता. त्या खेळाचे वर्णन करण्याची पात्रता आमच्या ठायी नाही; रबराची ती काळी चकती अर्धा वेळ आम्हांला दिसतही नव्हती. सामना अतिरिक्त वेळेत गेला आणि नॉर्थईस्टर्नने तो 4-3 असा जिंकला, एवढे मात्र आम्हांला कळले. भाच्याचा ट्रम्पेट त्या कल्लोळात ओळखू येणे शक्य नव्हते, तरी आमच्यातील मावशीला तो ऐकू आला असे तिचे आजही म्हणणे आहे.

नॉर्थईस्टर्नच्या विजयाचे मोल समजण्यासाठी थोडा इतिहास हवा. 1988 साली त्यांनी हे मडके जिंकले, त्यानंतर थेट 2018 साली. मधली एकोणतीस वर्षे रिकामी. हार्वर्डचेही तेच, 1993 नंतर 2017. म्हणजे 1994 ते 2016 अशी सलग तेवीस वर्षे चषक बॉस्टन कॉलेज आणि बॉस्टन युनिव्हर्सिटी या दोघींतच फिरत राहिला. निकालाच्या उत्सुकतेवर प्रेक्षक जगत असता, तर ही स्पर्धा त्या काळातच मरायला हवी होती. ती मेली नाही. हरणाऱ्यांच्या बाजूची माणसे दर फेब्रुवारीत त्याच सोमवारी त्याच गाडीने येत राहिली. भाच्याच्या आधी त्या सज्ज्यात वाजवून गेलेल्या कित्येक पिढ्यांनी आपल्या शिक्षणाच्या चारही वर्षांत विजय पाहिला नसेल.

या तिथीचा दरारा निसर्गानेही तपासून पाहिला आहे. 6 फेब्रुवारी 1978 हा पहिला सोमवार. त्या दिवशी जे हिमवादळ सुरू झाले त्याने दोन दिवसांत बॉस्टनवर 27 इंच बर्फ टाकले. तरीही अकरा हजारांहून अधिक लोक गार्डनमध्ये आले होते. सामने संपले तेव्हा रस्ते बंद झाले होते. काहीशे माणसे क्रीडागारातच अडकली, बाकांवर निजली, उरलेसुरले खाद्यपदार्थ खाऊन दिवस काढले. अंतिम सामना 1 मार्चपर्यंत पुढे ढकलावा लागला. 2015 सालच्या विक्रमी बर्फात पहिली फेरी सोमवारची मंगळवारी झाली. शहराची रेल्वेच बंद पडल्याने अंतिम सामना 9 फेब्रुवारीवरून 23 फेब्रुवारीवर गेला, आणि 23 हाही सोमवारच होता. 2021 साली करोनामुळे स्पर्धा झालीच नाही. अपवाद एवढे मोजके आहेत की लोकांना ते वर्षांसह पाठ आहेत.

आता याच खेळातले दुसरे टोक पाहावे. महाविद्यालयीन हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा 'एनसीएए' ही संघटना भरवते. दर्जाने आणि महत्त्वाने बीनपॉट तिच्या पासंगालाही पुरणार नाही. सोळा संघ, चार ठिकाणी चार-चार संघांच्या विभागीय फेऱ्या आणि त्यांतले चार विजेते अंतिम चौघांत. विभागीय सामना हरला की वर्ष संपले, पुष्कळ खेळाडूंची महाविद्यालयीन कारकीर्दही तेथेच संपते. इतके पणाला लागलेले असताना या विभागीय सामन्यांत रिकाम्या आसनांची तक्रार मात्र वर्षानुवर्षे होत आली आहे. का?

2024 चेच उदाहरण घेऊ. कोणता संघ कोठे खेळणार हे 24 मार्च या रविवारी जाहीर झाले, सामने 28 मार्च या गुरुवारपासून. ज्या बॉस्टन युनिव्हर्सिटीचा सामना आम्ही घरापासून एका गाडीच्या अंतरावर पाहिला होता, तिला साउथ डकोटातील सू फॉल्स या गावी धाडण्यात आले, म्हणजे सुमारे दोन हजार किलोमीटर. तिचा पहिला प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा, तोही पूर्वेकडचाच. मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसच्या एका उपनगरात जे चार संघ एकत्र आले, त्यांतले तीन मिशिगन राज्याचे होते. मिशिगन स्टेट आणि वेस्टर्न मिशिगन यांची गावे परस्परांपासून दीडशे किलोमीटरच्याही आत. पण ते एकमेकांशी खेळले ते दोन राज्ये ओलांडून, एका छोट्या रिंकवर. चार दिवसांत रजा काढायची, विमानाचे तिकीट घ्यायचे, राहायची सोय करायची, आणि तीही अशा संघासाठी जो पहिल्याच दिवशी हरला तर शनिवारी आपण त्या परक्या गावात काय करायचे हा प्रश्न. त्यात दूरचित्रवाणीवर सर्व सामने एकामागोमाग दाखवता यावेत म्हणून त्यांच्या वेळा पसरलेल्या. काही सामने कामाच्या दिवशी भर दुपारी सुरू होतात.

यामागे कोणाचा दुष्ट हेतू नाही, उलट एक सात्त्विक हेतू आहे. मानांकन गणिताने ठरते, एकाच साखळीतले संघ पहिल्या फेरीत समोरासमोर येऊ नयेत हे पाहिले जाते, यजमान संस्था पात्र ठरली तर तिला तिच्याच ठिकाणी ठेवावे लागते आणि कोणालाही स्वगृहीच्या बर्फाचा फायदा मिळू नये म्हणून जागा तटस्थ निवडतात. यांतला प्रत्येक नियम न्यायाचा आहे. त्या सगळ्यांची बेरीज केली की प्रेक्षक वजा होतो. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या फेऱ्या वरच्या मानांकनाच्या संघाच्या स्वतःच्या रिंकवर होतात. पुरुषांच्या स्पर्धेतही तसेच करावे, असे म्हणणाऱ्यांचा एक मोठा पक्ष आहे. जो वर्षभर चांगला खेळला त्याला आपल्या माणसांसमोर खेळू द्या, हाही न्यायच, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला ते पटते. निःपक्षपातीपणा ही पंचाची गरज आहे. प्रेक्षक हा स्वभावतःच पक्षपाती असतो. त्याचा पक्ष काढून घेतला की त्याला येण्याचे कारणच उरत नाही.

तथापि, एवढ्यावरून 'घर जवळ तर गर्दी' असे सोपे सूत्र काढता येत नाही. याच राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम टप्पा, ज्याला 'फ्रोझन फोर' म्हणतात, तोही परक्या शहरातच होतो. 2024 साली तो 11 आणि 13 एप्रिलला मिनेसोटातील सेंट पॉल येथे झाला. डेन्व्हरने बॉस्टन कॉलेजला 2-0 असे हरवून दहावे अजिंक्यपद मिळवले. तेथे मात्र आसने ओसंडून वाहतात. फरक कोठे आहे? त्याचे ठिकाण आणि तारीख कित्येक वर्षे आधी जाहीर झालेली असते. कोण खेळणार हे ठाऊक नसताना लोक तिकिटे घेऊन ठेवतात. आपला संघ बाद झाला तरी त्याच संघाचा सदरा घालून येतात. स्पर्धेत नसलेल्या कॉलेजांचे रंग प्रेक्षागारात पाहणे हा तेथल्या सोहळ्याचाच भाग मानला जातो. म्हणजे माणसे अंतर कापायला तयार असतात, परक्या संघांचा खेळ पाहायलाही तयार असतात. त्यांना आधी एक शब्द दिलेला हवा असतो, की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी हे होईलच. पंचांगात आषाढी एकादशी कधी आहे हे वारकऱ्याला कोणी चार दिवस आधी कळवीत नाही.

महिलांच्या बीनपॉटचीही हीच साक्ष आहे. 1979 पासून ही स्पर्धा या चार संस्थांच्या आपापल्या रिंकवर होत असे. जानेवारी 2024 मध्ये तिचा अंतिम सामना पहिल्यांदा गार्डनमध्ये ठेवला गेला आणि दहा हजारांहून अधिक लोक आले. महिलांच्या खेळाला प्रेक्षक नाही, असे म्हणण्याची सोय त्या एका रात्रीने कायमची काढून घेतली. प्रेक्षक होता, त्याला कोणी नीट बोलावले नव्हते.

येथवर वाचत आलेल्या आमच्या व्यवसायबंधूंच्या मनात एक प्रश्न उठला असेल: हे सारे आपल्याला कशाला? आमच्या विभागातर्फे आंतरमहाविद्यालयीन काव्यवाचन स्पर्धा होते. आमच्या गुरुजनांनी ती सुरू केली तेव्हा ती श्रावणातल्या शेवटच्या शनिवारी होत असे. पंचक्रोशीतल्या महाविद्यालयांना तो शनिवार ठाऊक होता. पत्र उशिरा पोचले तरी मुले यायची. पुढे सत्रपद्धती आली, अंतर्गत परीक्षा आल्या, मूल्यांकन समित्यांचे दौरे आले, आणि 'सर्वांच्या सोयीची' तारीख काढण्याची बैठक दरवर्षी भरू लागली. गेल्या दहा वर्षांत ही स्पर्धा जुलैत झाली, डिसेंबरात झाली, एकदा फेब्रुवारीत झाली. प्रत्येक तारखेमागचे कारण रास्त होते. स्पर्धक अजूनही येतात, कारण प्रमाणपत्र मिळते. श्रोता येत नाही. मागच्या खेपेस सभागृह भरावे म्हणून प्रथम वर्षाच्या वर्गांना हजेरीचे आमिष दाखवून बसवण्यात आले. ती मुले कविता चालू असताना आपल्या नावावर खूण झाली की नाही, हे पुनःपुन्हा विचारीत होती. तिकडे प्राथमिक फेरीत बाद झालेले स्पर्धक दुपारीच बस धरून गेले. अंतिम फेरीतला एक मुलगा खरोखर चांगली कविता म्हणाला, तेव्हा ती समजू शकतील असे कान सभागृहात फारसे उरलेच नव्हते.

मराठीत ही गोष्ट अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या फेऱ्यांना ज्यांनी 'अरे आव्वाज कुणाचा' ऐकला आहे, त्यांना बीनपॉटचा सज्जा परका वाटणार नाही. त्याच शहरात न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्याच्या ऐन काहिलीत भरते. सोयीचा ऋतू म्हणून कोणी तो निवडला असता असे वाटत नाही. तरी लोकांनी तो आपलासा केला.

यंदाच्या बैठकीत आम्ही दोघांनी मिळून एक टिपण सादर केले आहे. त्यात खेळाचा उल्लेख नाही. तो सभेत हास्यास्पद ठरला असता. मागण्या दोनच आहेत. पहिली, वर्षातला जो दिवस कोणत्याही विभागाला नको आहे तो आम्हांला द्यावा, मग तो सोमवार का असेना. मात्र एकदा दिला की पुढली दहा वर्षे परत मागू नये. दुसरी, प्राथमिक फेरीत बाद झालेल्यांना त्याच दुपारी आणखी एकदा व्यासपीठावर बोलवावे, क्रमांकासाठी नव्हे, आणखी एका कवितेसाठी. पहिल्या मागणीवर सभेत हशा पिकला, दुसरीवर वेळ कोठून आणणार असे विचारले गेले. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे आणि त्या बैठकीची तारीख अद्याप ठरायची आहे.